लिहिणं माझं, बोलणं तिचं

फॉर्ममधला सहावा प्रश्न असा होता: तुम्हाला इंग्रजी कशासाठी शिकायचं आहे? खाली चार पर्याय. नोकरीत बढती, प्रवास, मुलांचा अभ्यास, इतर. दहिवलीतल्या झेरॉक्सच्या दुकानात काउंटरला टेकून उभी असलेली माझी धाकटी जाऊ म्हणाली, "वैनी, लाँड्रीतून सुटायला, असं नाय का हाय त्यात?" दुकानवाला हसला. मला हसू आलं नाही, कारण बाहेर रिक्षा थांबवून ठेवली होती आणि फॉर्म दोनदा अडकून पुन्हा पहिल्या पानावर गेला होता. मी म्हटलं, "बढतीवर दाब रे बाबा, दोघींच्याही. आणि लवकर दाब."

माझा स्वभावच असा. चहाला उकळी फुटायच्या आत मी गाळणी घेऊन उभी असते. त्या दिवशी तर जीव जास्तच खाली-वर होत होता. दुसऱ्या दिवशी नोंदणी बंद होणार होती. दोघींनाही ईमेलचे पासवर्ड आठवत नव्हते म्हणून नवे ईमेल काढावे लागले. त्यात दुकानवाल्यानं माझ्या फॉर्मवर तिचा फोटो चिकटवला आणि तिच्या फॉर्मवर माझा. ते निस्तरायला आणखी अर्धा तास गेला. जाऊ आपली शांत. म्हणते, "ऱ्हाऊ दे की, एकाच घरच्या तर हाव आपण."

आम्ही दोघी एकाच रिसॉर्टमध्ये कामाला. ते खालापूरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. चार फाटा म्हणून नाका आहे, तिथून सकाळी स्टाफची बस आम्हाला उचलते. मी चादरी-टॉवेलांच्या स्टोअरमध्ये. किती धुवायला गेले, किती आले, किती फाटले, हे रजिस्टरात लिहायचं. खोलीला खिडकी नाही, दिवसभर ट्यूबलाइट. नऊ वर्षं मी त्या ट्यूबलाइटखाली काढली. जाऊ शेजारच्या लाँड्रीत. तिथं वाफ, सोड्याचा उग्र वास आणि मशिनची घरघर. चार पावसाळ्यांत तिची छाती भरून यायला लागली. कर्जतच्या डॉक्टरनी तोंडानं ओढायचा दम्याचा पंप दिला आणि सांगितलं, वाफ आणि ती पावडर सुटली तरच हे सुटेल. सुटणार कशी? घरात दोन पोरी शिकतायत, दिराचं काम कधी असतं, कधी नसतं.

अशात ऑफिसच्या साहेबांनी सगळ्यांना लॉनवर उभं करून सांगितलं, बाहेरची एक संस्था येऊन आपल्या स्टाफला इंग्रजी शिकवणार. आधी टेस्ट. टेस्टवरून खालचा, मधला किंवा वरचा वर्ग मिळणार. आणि जो वरच्या वर्गातून कोर्स पुरा करेल, त्यालाच रिसेप्शनला घेणार. आमच्या खात्यातून एकच जागा होती. काउंटरमागची खुर्ची, समोर काचेचा दरवाजा आणि दरवाजातून दिसणारा डोंगर. साहेब असंही म्हणाले, "ही परीक्षा नाही. पास-नापास काही नाही. तुम्हाला कुठं बसवायचं, एवढंच बघायचंय." आम्ही माना डोलावल्या आणि बसमध्ये बसल्या बसल्या एकमताने ठरवून टाकलं की साहेब उगाच गोड बोलतायत. पास-नापास नाही अशी टेस्ट असते का कुठं?

टेस्टचे दोन भाग होते. एका रविवारी सकाळी मोबाइलवर प्रश्न सोडवायचे आणि दहा ओळी लिहायच्या. दुपारी संस्थेकडून फोन येणार, त्यावर इंग्रजीत बोलायचं. आता आमची गंमत ऐका. मी पोशीरच्या शाळेतून बारावी झालेली. इंग्रजीचं व्याकरण अजून पाठ आहे, अक्षर असं की ऑफिसातले लोक माझ्याकडून अर्ज लिहून घेतात. पण बोलायचं म्हटलं की घशाला कोरड. कुणा गेस्टनं टॉवेल मागितला तरी मी नुसता टॉवेल पुढं करते आणि पळते. जावेचं बरोबर उलटं. तिची शाळा आठवीत सुटली. लग्नानंतर आठ वर्षं ती एका फार्महाउसवर कामाला होती. तिथलं म्हातारं जोडपं सगळं आयुष्य परदेशात काढून आलेलं. त्यांच्याशी बोलून बोलून ही बया इंग्रजी शिकली. वाक्य वाकडं असेल, पण थांबत नाही. गेस्टची खोड काढते, त्यांना हसवते. लिहायला मात्र स्वतःच्या नावापलीकडे काही नाही.

म्हणून त्या रविवारी आम्ही सावड केली.

आमच्याकडं भाताची लावणी सावडीनं होते. आज तुम्ही सगळे आमच्या खाचरात, उद्या आम्ही सगळे तुमच्या. मजुरी नाही, फक्त भाकरी. त्यातही ज्याचा हात ज्या कामाला चालतो त्यानं ते करायचं. रोपं उपटून मुठी बांधायला माझ्याइतकं झपझप गावात कुणी नाही. ओळीत रोप टोचायचं तर जाऊच हवी, तिची ओळ दोरी धरल्यासारखी जाते. खाचर लावून झालं की कुठली ओळ कुणी लावली हे कुणी विचारत नाही. आयुष्यभर हेच करत आलेल्या बायका टेस्टला बसल्या. तर मी म्हटलं, "लिहिणं माझं." ती म्हणाली, "बोलनं माजं." आणि शप्पथ सांगते, त्यात काही खोटं केलं असं दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही.

सकाळी ओट्यावर बसून मी आधी माझा पेपर सोडवला, मग तिच्या फोनवरून तिचा. दहा ओळी 'माझं काम' या विषयावर होत्या. दोन्हीकडे मी चादरींबद्दल लिहिलं, फक्त वाक्यं वर-खाली केली. दुपारी फोन आले. आधी तिचा. ती पडवीत फेऱ्या मारत, हात हलवत बोलली. पंधरा-वीस मिनिटांनी माझा फोन वाजला, मी तो तिच्या हातात दिला. ती पाणी प्यायली, पदर कमरेला खोचला आणि माझं नाव सांगून पुन्हा सुरू झाली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होते. तिकडून बाईंनी काहीतरी विचारलं, तशी ही खळखळून हसली, तिकडच्या बाईही हसल्या. माझ्या नावानं कुणीतरी इतकं छान बोलत होतं की मला क्षणभर वाटलं, आपण खरंच अशा आहोत.

निकाल व्हॉट्सॲपवर आला. दोघी वरच्या वर्गात! जावेनं मला उचलूनच घेतलं, मग खोकत खाली बसली. खुर्ची एकच, हे दोघींना माहीत होतं. मी म्हणाले, "तुलाच मिळू दे गं बाय, तुझी छाती तरी सुटेल." हे मी तोंडानं म्हणाले. मनात खिडकी होती.

आठवड्यानं शिकवणाऱ्या मॅडम आल्या, फोनवर बोललेल्या त्याच. तमिळनाडूच्या, चष्मा, कडक इस्त्रीची साडी. मराठी शून्य, हिंदी आमच्या रिसॉर्टच्या कुत्र्याला यावं तेवढं. त्यांनी मला एकटीला मागच्या हॉलमध्ये बोलावलं. पुढ्यात दोन कागद होते आणि फोनवरचं बोलणं त्यांनी रेकॉर्ड केलेलं. हळूहळू, सोप्या शब्दांत त्या म्हणाल्या की दोन्ही टेस्ट एकाच व्यक्तीनं दिल्यात. आवाज एक, लिहिणं एक. तुझं शिक्षण बारावी, तिचं आठवी. म्हणजे तिची टेस्टही तूच दिलीस ना?

त्यांचा शब्दन् शब्द मला कळला होता. ऐकलेलं मला सगळं कळतं, हीच तर पंचाईत. निम्मी टेस्ट तिची आहे, जे ऐकून तुम्ही हसलात ते तीच बोलली, हे सांगायला मला इंग्रजी वाक्य हवं होतं आणि ते येत नव्हतं. 'येस' मात्र येत होतं. मी म्हणाले, "येस मॅडम." आता कबूल करते, वाक्य आलं असतं तरी मी बहुतेक तेच म्हणाले असते.

मॅडम रागावल्या नाहीत. घरच्या माणसाला मदत केलीस, पुन्हा करू नकोस, एवढंच म्हणाल्या. माझी जागा राहिली. जावेला खालच्या वर्गात टाकलं. तो वर्ग वेगळ्या वारी असायचा, दुसरे सर घ्यायचे. तिला वाटलं, लिहिता येत नाही हे कळलं असणार. म्हणाली, "बरोबरच हाय गं त्यांचं. मला एबीसीडी तरी कुटं धड येते?" वर मलाच समजावलं, "तू नको तोंड पाडू. एक तरी बसली ना वरती."

त्या दिवसापासून माझी झोप गेली, आणि चिडचिड तर विचारू नका. स्टोअरमध्ये टॉवेल दोनदा मोजायचे, तिसऱ्यांदा मोजायचे, तरी रजिस्टर चुकायचं. घरी नवऱ्यावर ओरडायची, कुकरच्या शिट्टीवर ओरडायची. वर्गात तर नरकच. मॅडम प्रश्न विचारायच्या, सगळे पटापट उत्तरं द्यायचे, मी 'येस' आणि 'नो'. मॅडमना वाटायचं मी लाजते. कानाला हात लावून फोन धरल्यासारखं करायच्या आणि हसून म्हणायच्या, त्या दिवशी फोनवर बोललीस तशी बोल! सगळा वर्ग टाळ्या वाजवायचा. मी साडीचा काठ पिळत बसायची. बाहेरून लाँड्रीच्या मशिनची घरघर यायची आणि मधूनच तिचा खोकला. तो खोकला मी शंभर माणसांत ओळखेन.

एकदा वाटलं, सोडून द्यावा कोर्स. पण सोडला तरी जागा तिला थोडीच मिळणार होती? ती तर खालच्या वर्गात 'धिस इज अ बकेट' गिरवत होती. बादलीला बकेट म्हणतात हे तिनं फार्महाउसवरच्या म्हाताऱ्याला दहा वर्षांपूर्वी ओरडून सांगितलं असेल.

मग लावणी आली. पहिली सावड आमच्या खाचरात. सकाळपासून गावातल्या आठ-दहा जणी वाकून कामाला लागलेल्या. दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर जाऊ बांधावर माझ्याशेजारी येऊन टेकली. छाती वर-खाली होत होती. पंपाचे दोन दाब घेतले, जरा थांबली आणि म्हणते, "वैनी, चल, बोलायला लाग. मी गेस्ट, तू रिसेप्शन."

"काय?"

"अगं, वर्गात बोलत नाय म्हनं तू. बसमधल्या पोरी सांगत व्हत्या. अशानं खुर्ची कशी गावणार? मी शिकवते तुला. म्हन, गुड मॉर्निंग, हाऊ मे आय हेल्प यू."

माझ्या हातावर चिखल वाळत आला होता. ती पुन्हा म्हणाली, "म्हन की गं! मी नाय हसत." श्वास अजून पुरत नव्हता तिला, शब्द मध्ये तुटत होते, आणि ती मला तिच्याच खुर्चीवर बसायला शिकवत होती. मला रडू यायच्या ऐवजी राग आला. तिच्यावरच! म्हटलं, "तुला काय करायचंय? तुझं तू बघ!" आणि उठून तरातरा खाचराच्या दुसऱ्या टोकाला गेले. मागं वळून बघितलं तर ती तशीच बसलेली, हातातला पंप पदरानं पुसत. मग मात्र मला माझी अशी लाज वाटली की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी थांबले. मॅडम टेबल आवरत होत्या. मी रात्री कागदावर लिहून नेलं असतं तर सोपं गेलं असतं, लिहिणं माझंच होतं. पण लिहून दिलं असतं तर ते पुन्हा निम्मंच झालं असतं. म्हणून तोंडानं सुरू केलं. "मॅडम, टेस्ट. फोन. नॉट मी." मॅडम हसल्या, खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, घाबरू नकोस, तू छान बोलतेस. मी हिंदीत सांगितलं. त्यांना काही कळेना. पुन्हा सांगितलं, हातवारे केले. शेवटी त्या म्हणाल्या, कुणीतरी घेऊन ये, जो मला इंग्रजीत सांगू शकेल.

दहा पावलांवर लाँड्री होती. रिसॉर्टमध्ये एवढी माणसं, पण माझे पाय तिकडंच गेले. दुसऱ्या कुणाच्या तोंडून हे वदवलं असतं तर तिला मागाहून कळलं असतं. मी तिला हाताला धरून आणलं. "काय झालं गं? काय केलं मी?" करत ती आली. दारातच तिनं सवयीनं म्हटलं, "गुड आफ्टरनून मॅडम, यू कॉल्ड मी?"

मॅडमचा हात टेबलावरच थांबला. त्या तिच्याकडं बघायला लागल्या, मग माझ्याकडं, मग पुन्हा तिच्याकडं.

मी मराठीत म्हणाले, जावेकडं न बघता. "ह्यांना सांग. त्या दिवशी दोन्ही फोनवर तू बोललीस. मी फक्त लिहिलं. ह्यांनी मला बोलावून विचारलं होतं, सगळं तूच केलंस का म्हणून, आणि मी हो म्हणाले. तुझं नाव घेतलं नाही. तू लिहिता येत नाही म्हणून खाली नाही गेलीस. मी हो म्हणाले म्हणून गेलीस."

जावेच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग तिचे डोळे एकदम मोठे झाले, आणि तिनं मान खाली घातली, चपलेच्या अंगठ्याकडं बघत राहिली. एक श्वास, दोन श्वास. मी ते मोजले. मग तिनं डोकं वर केलं आणि मॅडमशी इंग्रजीत बोलायला लागली. म्हणाली, मॅडम, दोघींनी मिळून केलं. मीच वैनीला सांगितलं होतं, कुणी विचारलं तर तू येस म्हण. तिला नको होतं. चूक माझी आहे, तिची जागा काढू नका.

शब्दन् शब्द कळला मला. ऐकलेलं मला सगळं कळतं.

मॅडम पटल्यासारखी मान डोलवायला लागल्या होत्या. गप्प राहिले असते तर तिथंच मिटलं असतं. पण मी टेबलावर हात आपटला. म्हणाले, "नो मॅडम! शी इज टेलिंग लाय. शी डिड नॉट नो. आय वाँटेड दॅट चेअर. आय डिड धिस टू हर."

दोघीही माझ्याकडं बघत राहिल्या. मॅडमनी आधी मला पाणी दिलं. मग दोन कोरे कागद काढले आणि आम्हाला हॉलच्या दोन टोकांना बसवून टेस्ट पुन्हा घेतली, लिहिणं आणि बोलणं, जिचं तिनं. जाऊ वरच्या वर्गात गेली, लिहिण्यापुरतं खालच्या सरांकडं बसायचं या अटीवर. मला बोलण्यासाठी अगदी खाली टाकलं, बादलीच्या वर्गात. साहेबांच्या तेव्हाच्या बोलण्यात तसं खोटं काही नव्हतं. कुणाला कुठं बसवायचं, एवढंच बघायचं होतं.

बसमध्ये जाऊ माझ्याशेजारी बसली नाही. चार फाट्याला उतरून पुढं चालत गेली. दुसऱ्या दिवशी सावड तिच्या वाटणीच्या खाचरात होती. जावं की नको, या विचारात मी तीनदा दारापर्यंत गेले आणि परत आले. शेवटी सगळ्यांच्या आधी जाऊन रोपं उपटायला बसले. ती आली, माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाली, "मराटीत माज्याशी एक शब्द काडायचा नाय. बोलायचं तर इंग्रजीत बोल. नायतर बोलू नको."

म्हणजे दिवसभर मी मुकी राहणार, हे तिला पक्कं माहीत होतं. मुठी बांधून मी तिच्या मागं टाकत गेले, ती ओळ पुढं नेत गेली. बाकीच्या बायका गप्पा मारत होत्या, गाणी म्हणत होत्या. आमच्या दोघींत नुसता पाण्याचा चुबुक चुबुक आवाज. भाकरी खातानाही ती दुसऱ्या बांधावर बसली. उन्हं उतरायला लागली, शेवटचं खाचर अर्धं झालं, तेव्हा मी तिच्या अगदी जवळ जाऊन म्हणाले, "सॉरी."

ती वाकलेलीच होती. रोप टोचलं, चिखल अंगठ्यानं दाबला, आणि वर न बघता म्हणाली, "त्ये तर आता मराटीच झालं. फुडचं बोल."

मी हातातली मूठ तशीच धरून पाण्यात उभी राहिले आणि पुढचं वाक्य जुळवायला लागले. ती थांबली होती, मूठ घ्यायला हात मागं करून.